शाळेसमोरच्या रस्त्यावर एकेरी वाहतूक आणि पी-1/पी-2 हवे : पुण्यात आदेश कसा निघतो?

पेठकर
शाळेसमोरचा रस्ता, डांबराची रुंदी साडेसात मीटर. दोन्ही कडांना गाड्या लागतात आणि मधून पीएमपीची बस आली की सगळे ठप्प. रहिवाशांना दोन बदल हवेत : सम-विषम तारखेचे पार्किंग, म्हणजे पी-1/पी-2 (एका तारखेला एकाच कडेला गाड्या, दुसऱ्या तारखेला समोरच्या), आणि शाळा भरताना-सुटताना एकेरी वाहतूक. काहींचे म्हणणे, पालिकेकडून फलक लावून घ्या, बाकी आपोआप होईल. असे चालते का? अर्ज कुणाकडे करायचा, सोबत काय जोडायचे, आणि गाडे अडते कुठे?

कलम115
नुसत्या फलकाने काही होत नाही. आधी आदेश, मग फलक. मोटार वाहन कायदा 1988 मधले कलम 115 वाहतुकीवरच्या निर्बंधांचे, 116 फलकांचे, 117 पार्किंगच्या जागांचे. पुण्यात हे अधिकार वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त वापरतात. आदेशांत गृह विभागाच्या 27 सप्टेंबर 1996 च्या अधिसूचनेचा हवाला दिसेल. तेव्हा अर्ज उपायुक्तांच्या नावे करा आणि प्रती स्थानिक वाहतूक विभागाच्या निरीक्षकांना व महापालिकेच्या पथ विभागाला द्या. पार्किंगची जागा ठरवताना स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करावा, असे 117 मध्येच आहे, त्यामुळे पालिकेची प्रत टाळू नका.

निरीक्षक जागा पाहून अहवाल देतात. मग साधारणपणे तात्पुरता आदेश निघतो, हरकती-सूचना मागवतात आणि त्या पाहून अंतिम आदेश होतो. 115 खालचा निर्बंध महिनाभरापुरताच असेल तर राजपत्रात छापावा लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. त्यापुढे मात्र राजपत्र हवे. तात्पुरता आदेश हातात आला की लोक पाठपुरावा सोडतात, आणि खरे काम तिथूनच सुरू होते.

टेपवाला
अर्जाला मोजमाप जोडा, 'फार कोंडी होते' एवढ्यावर कुणी हलत नाही. तुमच्याच रस्त्याचे पाहा. कडेला लावलेली मोटार आरशांसकट दोन मीटर खाते. दोन्हीकडे मिळून चार मीटर गेले, उरले साडेतीन. बसची रुंदी नियमाने 2.6 मीटरपर्यंत असू शकते, म्हणजे बस आली की समोरून स्कूटरसुद्धा धड येत नाही. एकाच कडेला पार्किंग ठेवले तर साडेपाच मीटर मिळतात. बस आणि मोटार सावकाश का होईना, एकमेकींना ओलांडू शकतात. कदाचित पी-1/पी-2 नेच प्रश्न सुटेल, एकेरीची गरजही पडणार नाही. माझे मत, आधी तेवढेच मागा.

रुंदी दर 20-25 मीटरवर मोजा. एखादा विजेचा डीपी (वितरण पेटी) किंवा झाडाचा पार जिथे रस्ता आवळतो, तीच रुंदी खरी धरायची. कामाच्या दिवशी सकाळी दोन तास आणि शाळा सुटताना तासभर, दर 15 मिनिटांनी दोन्ही दिशांची मोजणी करा : दुचाकी, रिक्षा, मोटार, बस, टेम्पो वेगवेगळे. पायी येणारी मुलेही मोजा, ती नेहमी राहून जातात. एकेरी मागायचीच असेल तर वळवलेली वाहतूक कुठून जाईल त्या रस्त्याचीही अशीच मोजणी द्या. हरकती तिथूनच येतात.

पेठकर
मोजणी करतो. एकेरीच्या आदेशाच्या मसुद्यात शब्द कसे असावेत? आणि शाळेपुढे वेग ताशी 20 किमीवर आणायचा असेल तर त्याच अर्जात चालेल का?

कलम115
वेगाची मागणी स्वतंत्र परिच्छेदात लिहा, कारण तिथे कलम 112(2) लागते. 115-116-117 चा आदेश गतिमर्यादेला पुरत नाही.

मसुद्यात रस्ता 'अमुक चौक ते तमुक चौक' एवढाच लिहू नका. चौकांना दोन-दोन नावे असतात, फलक बदलतात. दोन्ही टोकांच्या कायम खुणा, दिशा, वार आणि वेळ घड्याळी आकड्यांत लिहा. 'शाळेच्या वेळेत' असे लिहिले तर सुट्टीच्या दिवशी वाद ठरलेला. अग्निशमन, पोलीस आणि रुग्णवाहिका यांना सूट लिहितातच. बस उलट्या दिशेने चालू ठेवायची असेल तर तेही लिहून घ्या, नाहीतर पीएमपीला मार्ग बदलावा लागेल. आणि या रस्त्यावरचे पूर्वीचे आदेश शोधून 'दिनांक अमुकचा आदेश रद्द' हे वाक्य क्रमांकासह घाला. ते राहिले तर एकाच कडेला जुना नो-पार्किंग आणि नवा पी-1 असे दोन फलक उभे राहतात आणि दंडाचे चलन कोणत्या फलकाचे टिकणार हा घोळ होतो.

टेपवाला
फलकांचे एवढे पाहा : एकेरीच्या सुरुवातीलाच नव्हे, मधल्या प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी 'प्रवेश बंद' हवा. गल्लीतून बाहेर पडणाऱ्याला तो दिसला नाही तर त्याला दोष देता येत नाही. फलकाची खालची कड पदपथापासून दोन मीटरहून वर ठेवा, नाहीतर उभा टेम्पो फलक झाकतो. वेळ खाली जोडपट्टीवर मराठीत, मोठ्या आकड्यांत. फांद्या आधी छाटून घ्या.

दंडाचे म्हणाल तर फलकाचा आदेश मोडला की कलम 177 : पहिल्यांदा 500 रुपये, पुन्हा केल्यास 1500 पर्यंत. उलट दिशेने गाडी घातली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 184 लागू शकते, ते बरेच जड आहे. म्हणून पहिले काही दिवस शाळा सुटताना तिथे वाहतूक वॉर्डन उभा ठेवावा, अशी विनंती त्याच अर्जात करा.