मोजक्या पगारात चप्पल, साडी, पुस्तक, गाणं: पैसे कुठे टाकायचे हे तुम्ही कसं ठरवता?

अनगोळवाली:

नमस्कार मंडळी. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत हिशेब लिहिते, राहायला अनगोळात. वीस वर्षं कामगारांच्या मजुरीची पत्रकं भरतेय. त्यामुळे असेल, हल्ली कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी हेच मनात येतं: ह्यातले किती रुपये ती करणाऱ्याच्या हातात पडले?

सुरुवात चपलेपासून झाली. भाचीच्या लग्नासाठी मोबाइलवरून ‘कोल्हापुरी’ मागवली होती, ५९० रुपयांना. फोटोत वेणी, गोंडा सगळं छान. घरी आल्यावर बघते तर तळ चामड्याचा नाहीच, वरचा पट्टा रेक्झिनचा आणि सगळं डिंकानं चिकटवलेलं. वळवाच्या पहिल्या पावसात तळाचे दोन पदर सुटले. परत घ्यायची मुदत तोवर संपली होती.

मग एक दिवस रजा काढली आणि मैत्रिणीबरोबर अथणी तालुक्यात मदभावीला गेले. तिचं माहेर त्याच बाजूला. तिथल्या एका घरात अर्धा दिवस बसून होते. अण्णा रापीनं तळ कापत होते आणि अक्का पट्ट्याची वेणी घालत होत्या. चामड्याच्या बारीक वाद्या, पण त्यांची नजर माझ्याशी बोलण्यात आणि बोटं वेणीत. कातडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं होतं. शिवण चामड्याच्याच वादीची, खिळा एकही नाही. माझं कन्नड मोडकं, त्यांचं मराठी माझ्या कन्नडपेक्षा बरं. एक जोड पुरा व्हायला किती दिवस लागतात असं विचारलं तर अक्का म्हणाल्या, ऊन कसं पडतं त्यावर आहे. मी १,९०० रुपये दिले. घासाघीस केली नाही. करवलीच नाही.

नावात कोल्हापूर असलं तरी ही चप्पल आपलीही आहे हे मला तिथेच कळलं. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरलेल्या भागातल्या कारागिरांनाच ते नाव वापरायचा हक्क, मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि आपल्या बाजूचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. ह्या नावावरून दोन राज्यांना भांडावं लागलं नाही, ह्याचं मला फार बरं वाटलं.

पुस्तकांचं माझं ठरलेलं आहे. वर्षभर वाचनालयातून आणायची. विकत घ्यायची ती हिवाळ्यात, गावोगावच्या साहित्य संमेलनांत. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, जमेल तिथे जाते. सकाळी ग्रंथदिंडी, दुपारी मंडपात जेवण, आणि पुस्तकांच्या टेबलाजवळ शाळेतली पोरं पानं उलटत उभी. तिथे टेबल लावणाऱ्याची विक्री झाली तर तो पुढच्या वर्षी येणार. म्हणून दोन पुस्तकं जास्तच घेते, एक माझ्यासाठी आणि एक शेजारच्या पोरीसाठी. सिनेमाचंही तसंच. बेळगावात मराठी सिनेमा लागला की मी पहिल्याच आठवड्यात तिकीट काढते. दुसऱ्या आठवड्यात तो असेलच ह्याची खात्री नाही.

अडते ती दोन ठिकाणी. एक साडी, कारण हातमागाची नऊवारी माझ्या आवाक्यात नाही आणि आईला नेसायला नऊवारीच लागते. दुसरं गाणं. मोबाइलवर हवं ते फुकट ऐकू येतं, मग गाणाऱ्याचं आपण काय देणं लागतो? तुम्ही कसं ठरवता?

---

माग_गल्ली:

ताई, मी वडगावचा. घरात दोन यंत्रमाग आहेत, म्हणून साडीबद्दल बोलतो.

‘हातमागाचंच घ्या, यंत्रमागाचं नको’ असं जो तो लिहितो. ते वाचलं की मला वाईट वाटतं. यंत्रमाग म्हणजे कुणा मोठ्या मालकाची गिरणी असं लोकांना वाटतं. वडगाव, खासबाग, शहापूरच्या गल्ल्यांतून एकदा चालून बघा. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल. आई कांड्या भरते, बायको तयार साड्यांच्या घड्या घालते, मी माग चालवतो. सूत व्यापाऱ्याचं, साडीही त्याचीच, आमची फक्त साडीमागची मजुरी. वीज गेली की मजुरी गेली. लॉकडाऊनमध्ये सूत आलं नाही आणि साड्या उचलल्या गेल्या नाहीत. त्या दिवसांत ह्या गल्ल्यांत काय काय झालं ते मला इथे लिहवत नाही.

हातमागाचा मान मोठाच आहे. इलकलच्या साडीत (आपली इरकल) पदराचे ताणे, म्हणजे उभे धागे, अंगाच्या ताण्यांत एकेक अडकवून जोडतात, टोप-तेनी म्हणतात त्याला. ते काम मला येत नाही आणि माझ्या मागालाही येत नाही. ज्याला परवडतं त्यानं ती साडी जरूर घ्यावी आणि भाव करू नये. पण यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून खपवतात तो गुन्हा विकणाऱ्याचा, विणणाऱ्याचा नव्हे.

तुमच्या आईला नऊवारी हवी ना? मग यंत्रमागाची समजून घ्या, यंत्रमागाच्याच भावात घ्या, आणि जमलं तर थेट विणणाऱ्याच्या घरून घ्या. काही जण आता स्वतः सूत आणून विणतात. दुकानातल्या किमतीत मधल्या व्यापाऱ्यांचा जो वाटा असतो, त्यातला निम्मा तुमचा वाचेल, निम्मा विणणाऱ्याला मिळेल.

---

मिरज_पॅसेंजर:

गाण्याबद्दल सांगतो. मी रेल्वेतून निवृत्त झालो. बेळगाव–मिरज मार्गावर किती वेळा गेलो त्याची मोजदाद नाही. गाडी सुळेभावीला थांबली की मी अजूनही खिडकीतून बाहेर बघतो. कुमार गंधर्व ह्या गावात जन्मले, ८ एप्रिल १९२४. मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. घर कन्नड, शिक्षण मुंबईत देवधर मास्तरांकडे, वास्तव्य माळव्यात देवासला, आणि जीव टाकणारे श्रोते मराठी.

मला त्यांच्या गाण्याइतकंच त्यांचं न गाणं महत्त्वाचं वाटतं. क्षय झाला, देवासला जाऊन राहिले, आणि डॉक्टरांनी गाणं बंद केलं. पाच-सहा वर्षं अंथरुणावर. त्या काळात रस्त्यानं जाणाऱ्या बायकांची, भिक्षेकऱ्यांची माळवी गाणी कानांवर पडत राहिली आणि आत साठत गेली. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गायला बसले तेव्हा आवाजाची ठेवणच बदललेली होती. लांब दमसास राहिला नव्हता, तर त्यांनी छोट्या-छोट्या तुकड्यांतून नवी वाट काढली. त्यांची निर्गुणी भजनं मी पहिल्यांदा ऐकली ती स्टेशनच्या रेडिओवर, रात्रपाळीला. गाडी येऊन गेली तरी हातातला कंदील खाली ठेवायचं भान नव्हतं.

आता तुमचा प्रश्न. गाणाऱ्याचं देणं मी दोन तऱ्हांनी फेडतो. गावात मैफल असली आणि प्रवेश मोफत असला तरी संयोजकांच्या पेटीत पैसे टाकतो. साथीला बसलेल्या तबलजीचं मानधन बहुधा त्यातूनच निघतं. आणि दुसरं म्हणजे वाद्य. नात गाणं शिकते. क्लासमध्ये सगळे मोबाइलवरचा तंबोरा लावतात. मी तिला मिरजेला घेऊन गेलो. तिथे हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांची घराणी एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळली, ती आजही तेच करतात. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, ते वाळवून, कापून, लाकडाशी जुळवून तंबोरा उभा राहतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. कारागिरानं जवारी, म्हणजे तारेचा नाद, लावताना तारेखालचं सूत घोडीवर पुढं-मागं सरकवलं आणि एका क्षणी तार अशी बोलली की नात माझ्याकडे बघतच राहिली. निवृत्तीच्या पैशातले बरेच गेले. मला त्याचं काही वाटत नाही.

---

चिकोडी_ते_अथणी:

चपलेबद्दल एवढंच घालतो, कारण माझं आजोळ त्याच धंद्यातलं.

ताई, घासाघीस केली नाहीत हे चांगलं केलंत. पण नुसती एकदा घेऊन भागत नाही. चप्पल पावसाळ्यात घालू नका, भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात टाकू नका. नवी असताना तळाला आणि पट्ट्याला तेल लावा. आणि चपलेचा अंगठा तुटला की फेकू नका, शिवून घ्या. खरं चामडं शिवता येतं, तुमच्या त्या ५९० च्या जोडाला शिवण धरणारच नाही.

आमच्याकडे आजी हरळय्यांची गोष्ट सांगायची. बाराव्या शतकातले शरण, म्हणजे बसवण्णांच्या (बसवेश्वरांच्या) मार्गातले भक्त, काम चपला शिवायचं. आपण केलेल्या नमस्काराला बसवण्णांनी उलट नमस्कार केला, ते ऋण कसं फेडावं म्हणून हरळय्या आणि कल्याणम्मा ह्या दोघांनी आपल्या मांडीचं कातडं काढून बसवण्णांसाठी पादत्राणं केली. आजी ही गोष्ट सांगताना हातातली आरी थांबवायची नाही. लोक तिच्या हातची चप्पल घालून देवळात जायचे आणि तिला मात्र देवळाच्या पायरीखाली उभं राहावं लागायचं, हेही तिनंच सांगितलं. ‘कारागिरी’, ‘वारसा’ असे शब्द वाचले की मला ती पायरी आठवते. चांगल्या खरेदीवर बोलताना तेवढं सोडू नका. माझी मामेभावंडं आज हे काम करायला तयार नाहीत. पैसे कमी आहेत हे कारण आहेच. पण तेवढंच नाही.

---

अनगोळवाली:

तिघांचंही वाचलं, काल रात्री दोनदा आणि आज जेवणाच्या सुट्टीत पुन्हा.

माग_गल्ली दादा, माझ्याही मनात हातमाग म्हणजे चांगलं आणि यंत्रमाग म्हणजे वाईट अशीच विभागणी होती. उद्यमबागेत यंत्रावर उभ्या असलेल्या माणसांचीच मजुरी मी महिन्याच्या महिन्याला लिहिते आणि तरी मला हे सुचलं नाही. रविवारी आईला घेऊन वडगावला येते. तिला निळी हवी आहे, काठ लाल. तुमच्या मागावर नसेल तर कुणाच्या आहे ते सांगा.

काका, मैफलीच्या पेटीचं लक्षात ठेवते. तंबोरा माझ्या ऐपतीबाहेरचा आहे, पण नातीचा रियाज चालू असताना कधी ऐकायला मिळाला तर येईन.

आणि चिकोडीकर, तुमचा मजकूर वाचून मदभावीच्या त्या घरातलं एक आठवलं. निघताना अक्कांनी चहा दिला आणि मी कप घेईपर्यंत त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. तेव्हा मला वाटलं, चहा गोड झालाय का ते बघताहेत.

चप्पल वर्षभर चालली आहे. उजव्या पायाचा अंगठा आता सैल झालाय. शिवायला तिकडेच घेऊन जाणार आहे.