वडिलांच्या पंचाहत्तरीला टेनिसनची ‘युलिसिस’ वाचावी का? सल्ला हवा आहे

धागाकर्ती:
नमस्कार. माझे वडील इंग्रजीचे निवृत्त शिक्षक असून पुढच्या महिन्यात त्यांची पंचाहत्तरी आहे. चातुर्मास संपला की पायी नर्मदा परिक्रमेला निघायचे, असा त्यांचा निश्चय आहे आणि घरातल्या कुणाचेही ते ऐकत नाहीत. इंग्रज कवी टेनिसनची ‘युलिसिस’, म्हणजे म्हातारपणी पुन्हा समुद्रप्रवासाला निघणाऱ्या ग्रीक राजाची कविता, त्यांनी वर्गात अनेकदा शिकवलेली असल्यामुळे समारंभात तीच वाचावी असे मनात आहे. सगळ्या ७० ओळी वाचाव्यात की निवडक, आणि समोर आई बसलेली असताना ही कविता शोभेल का?

प्रतिसाद १:
अवश्य वाचावी, पूर्ण मात्र वाचू नये. सुरुवातीलाच युलिसिस पत्नीची बोळवण ‘वृद्ध’ या एका विशेषणावर करतो. जिने वीस वर्षे त्याची वाट पाहिली, त्या पेनेलोपीचे नावसुद्धा कवितेत येत नाही, आणि हे तुमच्या आईंसमोर वाचणे मला बरे वाटत नाही. बंदर आणि वाऱ्याने फुगलेले शीड जिथे दिसते, त्या ४४व्या ओळीपासून शेवटच्या २७ ओळी घ्याव्यात.

वाचण्याआधी एक गोष्ट मात्र जरूर सांगावी. म्हातारपणाची म्हणून ओळखली जाणारी ही कविता टेनिसनने ऑक्टोबर १८३३ मध्ये, वयाच्या २४व्या वर्षी लिहिली. त्याचा जिवलग मित्र आर्थर हॅलम आदल्याच महिन्यात व्हिएन्नात अचानक वारला होता. ग्रीक कवी होमरच्या महाकाव्यात युद्धावरून परतताना युलिसिसचे सगळे साथीदार वाटेतच मरण पावतात आणि तो एकटा घरी पोचतो. इथे मात्र तो त्याच साथीदारांना ‘चला’ म्हणतो आहे. हे ध्यानात आले की या ओळी निव्वळ वीरश्रीच्या राहत नाहीत. त्या सावकाश वाचाव्यात. ‘द लाँग डे वेन्स, द स्लो मून क्लाइम्ज’ हे आठही शब्द एकेका उच्चाराचे आहेत आणि स्वर इतके लांबट आहेत की घाई करू म्हटले तरी जीभ वळत नाही.

प्रतिसाद २:
पत्नीच्या उल्लेखाबद्दल मी सहमत आहे, परंतु ३३ ते ४३ या अकरा ओळी गाळू नयेत, कारण त्यांत बाप आपल्या मुलाविषयी, टेलिमाकसविषयी, बोलतो. त्याचे काम तो करतो, माझे मी, हे शब्द अनेकांना कोरडे वाटतात. मला त्यांत विश्वासाने घर सोपवणे ऐकू येते. इंग्रजी न कळणाऱ्या पाहुण्यांसाठी कुसुमाग्रजांचे ‘कोलंबसाचे गर्वगीत’ जोडीला घ्यावे. ‘युलिसिस’ १८४२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि हे गर्वगीत ज्यात आहे तो ‘विशाखा’ संग्रह बरोबर शंभर वर्षांनी, १९४२ मध्ये, हा योगायोग तुमच्या वडिलांना आवडेल. फरक एवढाच, की कोलंबस समुद्राला आव्हान देतो, तर युलिसिस पुष्कळ बळ गेले हे मान्य करून उरलेल्या बळावर निघतो. पंचाहत्तरीला मला दुसरे अधिक जवळचे वाटते.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. टेलिमाकसच्या ओळी मी वाचेन आणि ४४व्या ओळीपासून पुढचे बाबांनाच वाचायला सांगेन. ओळी सलगच असल्यामुळे मध्ये काही जोडावे लागणार नाही. आईला त्या सगळ्याचा अर्थ आदल्या दिवशी मराठीत सांगून ठेवते.