द्राक्षात तांबं किती, एवढंच तपासून भागतं का?

प्रयोगशाळेतली, गंगापूर रोड:
नॅनो कॉपरची, म्हणजे तांब्याचे अतिसूक्ष्म कण असलेल्या औषधाची, फवारणी आता आपल्याकडेही येऊ लागली आहे. पण नेहमीच्या तपासणीत नमुना आम्लात विरघळवतात आणि एकूण तांबं मोजतात. आम्लात कणही विरघळतो, मग तो होता की नव्हता हे कळणार कसं? कण शाबूत ठेवायचा तर एन्झाइम घालून द्राक्षाच्या पेशींच्या भिंती विरघळवाव्या लागतात, साधारण २४ तास. मग तो द्रव भरपूर पातळ करून आयसीपी-एमएसमध्ये, म्हणजे धातूचं अगदी सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्रात, एकेक कण मोजायचा. प्रत्येक कणाचा वेगळा ठोका उमटतो, ठोका जितका उंच तितका कण मोठा. विरघळलेलं तांबं मात्र सपाट रेषेसारखं दिसतं. माझ्या मते नॅनो औषध मारलेल्या मालाची ही तपासणी व्हायलाच हवी.

निफाडचा बागायतदार:
ताई, २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षं अडकली. त्याचे चटके आम्ही सोसलेत. डाऊनी ही बुरशी आली की बोर्डो मारावाच लागतो. मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचं हे मिश्रण आजोबांपासून चालत आलंय. ज्या कणाची मर्यादाच ठरलेली नाही, तो मोजून व्यापाऱ्याच्या हाती भाव पाडायला आणखी एक कागद का द्यायचा?

रसायनशास्त्र शिकवतो, सिडको:
माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. कॉपर ऑक्साइडचा कण जठरातल्या आम्लात बराचसा विरघळतो, म्हणून तांब्यापुरता एकूण आकडाच जास्त कामाचा. टायटॅनियम डायऑक्साइड हा खाण्यात वापरला जाणारा पांढरा रंग तसा विरघळत नाही. युरोपने २०२२ मध्ये खाण्यात त्यावर बंदी घातली. कण मोजायचेच तर तिथून सुरुवात करा. शिवाय फार बारीक कण त्या सपाट रेषेतच बुडतात. ‘कण सापडले नाहीत’ म्हणजे ‘कण नाहीत’ असं होत नाही.

प्रयोगशाळेतली, गंगापूर रोड:
सर, जठराचा मुद्दा मान्य. पण कण सालीवर बसलाय की गरात शिरलाय, हे एकूण आकडा सांगत नाही. वर असेल तर धुऊन कमी होईल, आत असेल तर नाही. द्राक्ष आपण सालीसकट खातो, मुलंही खातात. मला हेच टोचतं. आणि दादा, मर्यादा ठरायची तर आधी कुणीतरी मोजायला हवं ना? एकाच बागेत दोन ओळींवर नॅनो, शेजारच्या दोन ओळींवर बोर्डो, आणि दोन्हींचे घड धुऊन व न धुता तपासायचे. मी एवढंच मागतेय.

निफाडचा बागायतदार:
चार ओळी मी देतो. पण रिपोर्टवर माझ्या प्लॉटचं नाव येता कामा नये, आणि आकडे आधी मला दाखवायचे.