अनुभव धागा: साथीच्या काळातले कॅन्सरचे उपचार

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं, त्याच्या आदल्या आठवड्यात माझी दुसरी केमो झाली होती. तिसरी कधी, हे पुढे पंधरा दिवस कुणीच सांगेना. रुग्णालयात जावं तर विषाणू, घरी बसावं तर गाठ. त्या काळात तुमच्या उपचारांत काय बदललं, ते इथे लिहा. रुग्ण, घरचे, नर्स, डॉक्टर, सगळ्यांनी. तक्रारही चालेल, फक्त कुठल्या रुग्णालयाचं नाव नको.

*

बाबांच्या शौचातून रक्त जात होतं. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, 'तातडीची नाही' म्हणून पुढे ढकलली गेली. मूळव्याध असेल असं आम्हीही धरून चाललो, कारण तसं धरणं सोयीचं होतं. साडेचार महिन्यांनी तपासणीऐवजी थेट ऑपरेशनच झालं, आतडं जवळजवळ बंद झाल्यावर. पोटावर स्टोमाची, म्हणजे शौच बाहेर काढायची, पिशवी आली.

पुढे नोव्हेंबरात बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकातला अभ्यास वाचला: कॅन्सरची शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. मी कॅलेंडर घेऊन मोजत बसलो. डॉक्टर म्हणाले, तो आकडा हजारो रुग्णांचा मिळून आहे, तुमच्या बाबांचा नाही. पटलं. मोजणं मात्र थांबलं नाही.

*

माझं उलट झालं. स्तनाच्या ऑपरेशननंतर रेडिएशनची १५ सिटिंग ठरली होती, ती एकदम ५ वर आणली. मी सरळ विचारलं, गर्दी कमी करायला माझ्यावर प्रयोग करताय का? तेव्हा कळलं की २६ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक) पाच दिवसांत देण्याची चाचणी २०११ पासून चालू होती, आणि तिचे पाच वर्षांचे निकाल नेमके एप्रिल २०२० मध्ये आले. एरवी ही पद्धत रुळायला किती वर्षं गेली असती कोण जाणे. दोन आठवड्यांच्या फेऱ्या वाचल्या, हे सांगताना वरच्या बाबांचं वाचून जरा अपराधी वाटतंय.

*

मी केमो डे-केअरमध्ये नर्स आहे. केमो चालू असताना १००.४ ताप आला की रात्र असो वा दिवस, तडक या, हे आम्ही रुग्णांकडून वर्षानुवर्षं घोकून घेतलेलं. पांढऱ्या पेशी तळाला असताना अँटिबायोटिकला तासाभराचाही उशीर नको. आणि साथीत नियम काय, तर ताप असलेल्याला दाराबाहेर थांबवा! एक विशीतला मुलगा स्वॅबच्या रिपोर्टची वाट बघत बाहेर बाकावर बसला होता, थंडी वाजून नुसता थरथरत. न्यूट्रोफिल्स, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जेमतेम २०० होते. शेवटी मी पीपीई चढवून तिथेच त्याला सलाइन लावलं. ओरडा खाल्ला. आठवड्याभराने आमच्याकडे नियम बदलला: आधी अँटिबायोटिक, मग रिपोर्ट.

बाकी बदल बरेच. पोर्ट फ्लश (केमोसाठी छातीत बसवलेली नळी साफ करणं) महिन्याऐवजी तीन महिन्यांनी, पांढऱ्या पेशींचा काउंट वाढवायची इंजेक्शनं जास्त जणांना. ती घरी कशी टोचायची हे व्हिडिओ कॉलवर शिकवलं. एक आजोबा इतके तयार झाले की पुढच्या कॉलला मलाच सूचना देत होते.

*

लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. रिटुक्सिमॅब हे औषध चालू असताना लसीचे दोन्ही डोस घेतले. अँटिबॉडी तपासल्या तर जवळपास शून्य. हे औषध बी पेशी संपवतं आणि अँटिबॉडी बनवायचं काम त्यांच्याकडेच. टी पेशी थोडंफार सांभाळून घेतील, एवढाच दिलासा. त्यामुळे लस आली तरी माझं टाळेबंदीतलं जगणं संपलं नाही. सगळे मास्क काढून हसायला लागले तेव्हा मला लोकांची भीती वाटू लागली, आणि लोकांना माझ्या मास्कचा राग. शेवटी संसर्ग झालाच. सात आठवडे रिपोर्ट पॉझिटिव्ह येत राहिला, तोवर पुढचा डोस थांबला.

*

एक छोटंसं. लसीनंतर काखेत गाठ लागली आणि कॅन्सर परतला म्हणून रात्रभर रडले. लसीमुळे त्या बाजूच्या लसिका ग्रंथी सुजतात, मॅमोग्राफीत आणि पेट स्कॅनमध्येही दिसतात. पुढचा डोस दुसऱ्या हाताला घेतला. हे आधी सांगायला दोन वाक्यं पुरली असती.

*

आईचे शेवटचे दिवस. भेटायला एकालाच परवानगी होती, आम्ही दोघी बहिणी. ताईला पाठवलं, मी फोनवर. तिथे सगळेच मास्कमध्ये. आईला ताईचंही बोलणं धड कळेना. ताईने फोन तिच्या कानाला लावला. मी हाक मारली तशी आई म्हणाली, "अगं, तू मास्क काढलास का? घाल आधी."