‘डेटा फ्यूजन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
उपग्रहचित्रांवरून पुराचं पाणी संगणकाने आपोआप कसं ओळखावं, यावर लेख लिहिते आहे. रडारची चित्रं आणि कॅमेऱ्याची चित्रं एकत्र वापरली की ओळख सुधारते. या ‘डेटा फ्यूजन’साठी काय लिहू? विदा-संमीलन, एकत्रीकरण की विलीनीकरण?

प्रतिसाद १
विलीनीकरण नकोच, त्यात एकाचं अस्तित्व संपतं. एकत्रीकरण फार सैल आहे, शंभर फाइली एका फोल्डरात टाकल्या तरी ते एकत्रीकरणच. ‘संमीलन’ भौतिकशास्त्रात रुळलेला आहे, तोच घ्या.

प्रतिसाद २
संमीलन चांगला शब्द आहे, पण सरसकट वापरू नये असं मला ठामपणे वाटतं.

लँडसॅट ८ या उपग्रहाचे रंगीत पट्टे (प्रकाशाच्या एकेका भागात टिपलेली चित्रं) ३० मीटरचे, म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर ३० मीटरचा, आणि कृष्णधवल पट्टा १५ मीटरचा. दोन्हींतून १५ मीटरचं एकच रंगीत चित्र तयार करतात. तिथे मूळची दोन चित्रं नव्या चित्रात मिसळून जातात. हे खरं संमीलन.

तुमच्या पुराचं तसं नाही. शांत पाणी रडारची लहर आरशासारखी दुसरीकडे परतवतं, म्हणून ते चित्रात काळं दिसतं. पण गुळगुळीत धावपट्टीही काळीच दिसते. कॅमेऱ्याच्या निकट-अवरक्त (लाल रंगापलीकडच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाच्या) पट्ट्यातही पाणी काळं, पण तिथे ढगाची सावली फसवते आणि ढगाखालचं तर दिसतच नाही. रडारला ढगांची अडचण नाही. धावपट्टी आणि पाणी यांतला फरक कॅमेरा सांगतो. दोघांच्या चुका वेगवेगळ्या जागी होतात, म्हणूनच एकत्र वापरून फायदा होतो. दोन्ही साधनं एकाच ठिकाणी चुकत असतील, तर कितीही विदा ओता, निकाल सुधारणार नाही.

प्रत्येक साधनाचा निकाल स्वतंत्र काढून शेवटी जुळवायचा असेल, तर मी ‘सांगड’ म्हणेन. नदी उतरायला दोन होड्या एकमेकींना बांधतात ती सांगड. बांधल्या तरी होड्या दोनच राहतात. ‘रडार आणि कॅमेरा यांच्या निकालांची सांगड घातली’ हे वाचणाऱ्याला लगेच कळेल.

प्रश्नकर्ती
पटलं. पण मी निकाल जुळवत नाही. दोन्ही चित्रांचे पट्टे एकावर एक रचून एकाच वर्गीकरण-प्रारूपाला (पाणी कुठे ते ठरवणाऱ्या मॉडेलला) देते. मग?

प्रतिसाद २
मग संमीलनच लिहा, आणि पहिल्याच परिच्छेदात ते कोणत्या टप्प्यावर होतं तेही सांगा. ‘आदानाच्या टप्प्यावरचं संमीलन’ (आदान म्हणजे इनपुट) आणि ‘निकालांची सांगड’ अशी जोडी ठेवली तर पुढे घोळ होणार नाही. रचण्याआधी दोन्ही चित्रं एकमेकांवर नेमकी बसवावी लागतात, त्याला ‘जुळणी’ पुरे.

प्रतिसाद ३
एक पुरवणी. ‘बहुस्रोत’ आणि ‘बहुविध’ यांची गल्लत टाळा. एकाच प्रकारचे दोन कॅमेरे म्हणजे बहुस्रोत विदा. रडार आणि कॅमेरा हे बहुविध, तुमचा लेख त्याबद्दल आहे.