ग्रेट व्हाइटसाठी पिंजऱ्यातून डायव्ह: जुलैमध्ये गान्सबाय की मोसेल बे?

सागरवेडा: जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बायकोबरोबर केपटाउनला जातोय. दोन दिवस शार्कसाठी राखून ठेवलेत. सगळ्या जाहिरातींत गान्सबायचं नाव आहे. तिथे ग्रेट व्हाइट शार्क नक्की दिसतो का? बायकोला पोहता येत नाही, मला चष्मा आहे. थंडी, बोट लागणं, फोटो याबद्दलही सांगा.

खोलपाणी: जाहिरातीतले फोटो बहुधा जुने असतात, हे आधी लक्षात घ्या. डायर आयलंड आणि गीझर रॉक यांच्यामधली चिंचोळी खाडी 'शार्क अ‍ॅली' म्हणून जगभर गाजली, पण 2017 नंतर तिथलं चित्र पालटलं. त्या वर्षी गान्सबायच्या किनाऱ्याला मेलेले ग्रेट व्हाइट लागले, बहुतेकांचं यकृत गायब. हे काम ऑर्कांचं, म्हणजे किलर व्हेलचं. 'पोर्ट' आणि 'स्टारबोर्ड' अशी नावं पडलेली नरांची जोडी, एकाचा पाठीवरचा पर डावीकडे लवंडलेला, दुसऱ्याचा उजवीकडे. ऑर्का फिरकले की ग्रेट व्हाइट कित्येक आठवडे तो भाग सोडून जातात. केपटाउनजवळच्या फॉल्स बेमध्येही हीच गत. पोहणाऱ्यांच्या बचावासाठी लावलेल्या शार्कच्या जाळ्यांचा आणि त्यांच्या भक्ष्याच्या मासेमारीचा यात किती वाटा, यावर अभ्यासकांत वाद आहे.

आज गान्सबायला पिंजऱ्याजवळ येतो तो मुख्यतः ब्रॉन्झ व्हेलर, आपल्या मोरीच्याच कुळातला. तोही देखणा, पण तो ग्रेट व्हाइट नव्हे. ओळख शेपटीवरून पटते: ग्रेट व्हाइटच्या शेपटीचे वरचे-खालचे पंख जवळपास सारखे असतात आणि बुडाशी आडवी धार असते, तर ब्रॉन्झ व्हेलरचा वरचा पंख स्पष्ट लांब असतो.

ग्रेट व्हाइटच हवा असेल तर मोसेल बे गाठा. केपटाउनपासून सुमारे 390 किमी, म्हणजे मुक्काम हवाच. खात्री तिथेही नाही, 2022 मध्ये ऑर्कांनी तिथेही शिकार केली. बुकिंगआधी एकच प्रश्न विचारा: "गेल्या दोन आठवड्यांत कोणत्या दिवशी कोणत्या जातीचे शार्क दिसले?" "शार्क दिसतातच" एवढंच उत्तर आलं तर ते ब्रॉन्झ व्हेलर धरून चाला. आणि दोन दिवस सलग ठेवा. जुलैत पाणी उन्हाळ्यापेक्षा स्वच्छ असतं, पण वायव्येकडून वादळं येतात आणि बोट रद्द होते.

पिंजरावाला: पोहता येत नसलं तरी अडत नाही. पिंजरा बोटीच्या कडेला बांधलेला असतो, वरचा भाग पाण्याबाहेर. हवेचा सिलेंडर नाही, बहुतेक ठिकाणी स्नॉर्केल (श्वासाची नळी) सुद्धा नाही. फक्त मास्क लावून श्वास रोखायचा. अट एकच, पाण्याखाली तोंड घालायची भीती नको. ते आधी घरी बादलीत करून बघायला सांगा.

नवख्यांची फजिती होते ती जाड वेटसूटमुळे, म्हणजे थंडी अडवणाऱ्या रबरी पोशाखामुळे. त्यात अंग वर तरंगतं, म्हणून कंबरेला शिशाचा पट्टा देतात. तो सैल वाटला तर लगेच सांगा. शार्क आल्यावर बोटीवरून "डाऊन!" अशी हाक आली की छाती फुगवून श्वास घेऊ नका, भरलेली फुप्फुसं पुन्हा वर ढकलतात. अर्धा श्वास घ्या, आतला दांडा धरून स्वतःला खाली ओढा, पाय खालच्या दांड्याखाली अडकवा. हात नेहमी आतल्या दांड्यावर, बाहेरच्या गजांवर कधीच नाही.

चष्म्यासाठी नंबरचा मास्क आधी मागवा. मिशीतून पाणी शिरतं, तिथे व्हॅसलीन लावा. काच धुरकट होऊ नये म्हणून तिला आतून बेबी शाम्पूचा थेंब चोळून हलकं धुवा.

सागरवेडा: धन्यवाद. पिंजरा तोडून शार्क आत शिरल्याचे व्हिडिओ पाहून बायको घाबरली आहे.

खोलपाणी: तो प्रकार मेक्सिकोतल्या ग्वादालुपे बेटाजवळचा. शार्कला मागे पोहता येत नाही. आमिषाच्या मागे झेपावताना डोकं गजांत घुसलं की तो पुढेच धडपडत राहतो. 2019 मध्ये तिथे एक शार्क असाच अडकून मेला आणि 2023 च्या सुरुवातीला मेक्सिकोने तिथलं हे पर्यटन बंद केलं. म्हणून आमिष ओढणाऱ्याचा हात बघा. ट्यूनाचं डोकं पिंजऱ्याला समांतर, बाजूने ओढलं पाहिजे. जो शार्कला सरळ गजांवर आणतो, तो माणसाचा आणि शार्कचा दोघांचाही जीव धोक्यात घालतो. अशा बोटीवर पिंजऱ्यात उतरू नका.

निळीलाट: राहिलेलं थोडक्यात. पाणी साधारण 12 ते 16 अंश. वेटसूटखाली सुती टी-शर्ट नको, पोहण्याचे कपडेच घाला. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून आदल्या रात्री आणि निघण्याआधी तासभर घ्या. समुद्रात मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. नांगरलेली बोट चालत्या बोटीपेक्षा जास्त डोलते, त्यात शार्कला बोलावायला पाण्यात टाकलेल्या माशांच्या चुऱ्याचा वास, म्हणून वाऱ्याच्या बाजूला उभे राहा. तो चुरा ज्या दिशेला वाहतो तिकडूनच शार्क येतात, पिंजऱ्यातही नजर तिकडेच ठेवा.

फोटोला फ्लॅश बंद, नाहीतर पाण्यातले कण पांढरे चमकतात. शटर 1/500 सेकंद किंवा त्याहून वेगवान. कॅमेरा मनगटाला दोरीने बांधा, हात गजांबाहेर काढू नका.

आणि नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे तिकीट असेल, तर तिथला थांबा 12 तासांच्या आत ठेवा. त्याहून जास्त झाला तर दक्षिण आफ्रिकेत उतरताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात.