मदत हवी आहे : जनगणनेच्या टक्क्यांची बेरीज शंभरावर जाते, गुरुवारपर्यंत हवंय

मेघनाद_क
आमच्या गावच्या वाचनालयाने मराठी पुस्तकं ठेवावीत म्हणून अर्ज करतोय. गाव कसं वाढलं, घरटी उत्पन्न किती, कुठल्या वंशाचे किती लोक, असं दोन पानी टिपण माझ्या गळ्यात पडलंय. गोरे, कृष्णवर्णीय, आशियाई, हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिका किंवा स्पेनकडच्या मूळचे), मिश्र, इतर अशी बेरीज केली की १०० च्या वर जाते. तीनदा केली. शिवाय २०१० च्या जनगणनेत उत्पन्नाचा तक्ताच सापडत नाही. कोणी केलंय का हे? लवकर सांगा.

शेवंता
कुठलं गाव ते तरी लिहा! आणि आकडे कुठून उचललेत?

मेघनाद_क
राहिलंच. फ्रिस्को, टेक्सास. आकडे सेन्सस ब्युरोचेच, म्हणजे अमेरिकेच्या जनगणना खात्याचे. २०००, २०१०, २०२०.

टोलवेवाला
फ्रिस्कोत घर घेत असाल तर प्रॉपर्टी टॅक्स आधी बघा. राज्याचा आयकर नाही म्हणून लोक भुलतात. उत्तरेला प्रॉस्परकडे बघा, तिकडे जागा मोकळी आहे.

मेघनाद_क
घर घ्यायचं नाहीये. २००९ मध्येच घेतलंय.

आकडेमोड
हिस्पॅनिक हा तिथे वंश धरत नाहीत, तो प्रश्न वेगळा असतो. एकच माणूस गोरा आणि हिस्पॅनिक दोन्हीकडे मोजला जातो, म्हणून बेरीज फुगते. हिस्पॅनिक सगळे एका ओळीत घ्या आणि बाकीच्या ओळींत फक्त 'हिस्पॅनिक नसलेले गोरे', 'हिस्पॅनिक नसलेले आशियाई' असे घ्या. बेरीज बरोबर १०० येईल.
उत्पन्नाचं म्हणाल तर २०१० च्या जनगणनेत तो प्रश्नच नव्हता. उत्पन्नासारखे जादा प्रश्न विचारणारा लांब फॉर्म २००० नंतर बंद झाला. २००० चा आकडा १९९९ च्या कमाईचा आहे. पुढचं अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेतून, म्हणजे ब्युरोच्याच नमुना पाहणीतून घ्या. तिचे आकडे पाच-पाच वर्षांचे मिळून असतात: २००६–१० आणि २०१६–२०. एकमेकांवर चढणारी वर्षं घेऊ नका. जुने डॉलर महागाईने वाढवल्याशिवाय शेजारी मांडू नका. सरासरी नको, मध्यक (बरोबर मधल्या घराचं उत्पन्न) घ्या.

शेवंता
लोकसंख्या ३३,७१४, मग १,१६,९८९, मग २,००,५०९ आली ना? आशियाई २०१० ला दहा टक्क्यांच्या आसपास होते, २०२० ला साधारण पाव हिस्सा. टिपणात हेच पहिल्या ओळीत घ्या.

मेघनाद_क
हो, हेच आकडे आहेत. आम्ही आलो तेव्हा मागच्या कुंपणापलीकडे गायी चरायच्या. आता त्याच जागी ओळीने चार घरांच्या दारात रांगोळी असते.

टोलवेवाला
ही वाढ कंपन्यांमुळे झाली. २०१७ ला टोयोटा शेजारच्या प्लेनो शहरात आली आणि सगळं पालटलं.

आकडेमोड
नाही हो. २००० ते २०१० मध्येच गाव तिपटीपेक्षा जास्त झालं, टोयोटा फार नंतरची. आणि शाळेच्या जिल्ह्याचे (तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या वेगळ्या विभागाचे) आकडे यात मिसळू नका. त्याची हद्द शहराच्या हद्दीशी जुळत नाही.

शेवंता
मेघनाद, मुळात वंशाचा तक्ता कशाला? त्यात 'आशियाई' दिसेल, मराठी नाही. भाषेचा तक्ता बघा.

आकडेमोड
तिथेही निराशाच आहे. तेलुगू, तमिळ, गुजराती वेगळे आहेत. मराठी मात्र 'नेपाळी, मराठी आणि इतर इंडिक भाषा' अशा एकाच गाठोड्यात.

मेघनाद_क
हे वाचून वाईट वाटलं. रविवारच्या मराठी वर्गात खुर्च्या पुरत नाहीत, मुलं भिंतीला टेकून बसतात. आणि कागदावर आम्ही कुठेच नाही.

ओवी७
आमच्याकडे न्यू जर्सीत आम्ही आकडे दिलेच नाहीत. घरोघरी जाऊन सह्या घेतल्या. प्रत्येक नावापुढे मुलांची वयं आणि लायब्ररी कार्ड आहे का, एवढंच. पुस्तकं आली.

आकडेमोड
सह्या नक्की जोडा, पण तक्ता काढू नका. गाव किती बदललं ते त्याशिवाय कळणार नाही.

ओवी७
पुस्तकं वाचणार कोण, ते तक्त्यातून कळतं का?

मेघनाद_क
हिस्पॅनिक वेगळे काढले, बेरीज १०० आली. आकडेमोड, आभार! तक्ता पहिल्या पानावर ठेवतो, दुसऱ्यावर सह्या. आज रात्रीच फोन लावायला घेतो. गुरुवारपर्यंत पन्नास घरं होतील का, बघू.

टोलवेवाला
प्रॉपर्टी टॅक्सचं मात्र लक्षात ठेवा.